उलटी खुर्ची

१

"साहेब, आमच्या रस्त्यावरून तुम्ही शेवटचे चालत कधी गेलात?"

प्रश्न माझा, पैज मैत्रिणींची. सुई (बारीक आहे म्हणून नव्हे, टोचून बोलते म्हणून) मला म्हणाली होती, "तू घरात वाघ आणि चारचौघांत मांजर. हिंमत असेल तर विचार." भोंगा म्हणाली, "विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी वाहीन." भोंग्याला हळू बोलताच येत नाही, त्यामुळे पैज अख्ख्या वर्गाला कळली आणि माझे परतीचे दोर कापले गेले.

तर शुक्रवारी संध्याकाळी, आमच्याच शाळेच्या सभागृहात, रहिवाशांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि विचारलं. 

रस्ते खात्याचे इंजिनीअर साहेब हसले. "बाळ, मला चालायला वेळ कुठे असतो?"

आणि सभागृह हसलं. त्यांच्यावर नाही, त्यांच्याबरोबर! आमच्या रस्त्यावर फुटपाथ म्हणजे दुकानांचा ओटा. पाऊण तास पाऊस झाला की गुडघाभर पाणी, आणि त्यात काय काय तरंगतं ते जेवणाआधी सांगण्यासारखं नाही. त्याच पाण्यातून रोज जाणारी ही माणसं हसत होती. मला शिसारीच आली.

"मंगळवारच्या अपघाताची चौकशी पूर्ण झाली आहे," साहेब पुढे म्हणाले. "चेंबरचं झाकण उघडं टाकून, खूण न ठेवता निघून गेलेल्या कामगाराला सोमवारी अकरा वाजता कामावरून कमी करण्यात येईल."

टाळ्या. मंगळवारी ग्रंथालयवाल्या मावशी त्या उघड्या चेंबरमध्ये पडल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. कुणीतरी दोषी हवा होता, तो मिळाला. वाजवा टाळ्या.

"खूण ठेवली होती मी."

आवाज दारातून आला. जाळीकाका उभे होते. बावीस वर्षं आमच्या गल्लीतल्या गटारांच्या जाळ्या तेच साफ करतात. आत बाकांवर जागा होती, पण त्यांच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं. "भोकावर उलटी खुर्ची ठेवली होती. खांबाला बांधून, लाल फडकं लावून."

"मग कुठे आहे ती खुर्ची?"

"तेच तर मला कळत नाही, साहेब."

"सोमवारी अकरापर्यंत आणा. आणलीत तर बघू." साहेबांनी फाईल मिटली.

सुईनं मला कोपरानं ढोसलं. "झाली तुझी पैज. आता?"

"आता खुर्ची शोधायची," मी म्हणाले. एकदा तोंड उघडलं की मला थांबता येत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

घरी बाबांबरोबर गेले. एरवी बैठक म्हटलं की बाबांचं डोकं दुखतं, पण आज ते शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. गाडीत तीन नव्या सुगंधी डब्या लटकत होत्या, एक गुलाबाची, एक लिंबाची, एक म्हणे समुद्राची. तिन्हींना पुरून उरेल असा कुजका वास मात्र कुठूनतरी येतच होता.

"काय मेलंय गाडीत?" मी नाक धरून विचारलं.

"पायाखालच्या चटया भिजल्यात," बाबा म्हणाले. घराशी आल्यावर हॉर्न न वाजवता ते स्वतः उतरले आणि त्यांनी फाटक उघडलं. मला वाटलं, वा! माझ्या प्रश्नाचा परिणाम.

२

शनिवारी सकाळी जाळीकाका कामावरच होते. "सोमवारपर्यंत तर गल्ली माझीच आहे ना," म्हणाले, आणि पहारीनं जाळीतला गाळ उपसत राहिले.

काय काय निघालं त्यातून! राखेचे गोळे. दातांचे प्लास्टरचे साचे, एक अख्खी बत्तिशी माझ्याकडे बघून हसत होती. पिशव्या, केसांचे गुंते, आणि आमच्या बिल्डिंगचा पत्ता छापलेला एक खोका. तो मी पायानं हळूच पालथा केला.

"काका, खुर्चीच का? काठी का नाही?"

"काठी पाण्याच्या ओढीनं जाते. झाकण उघडल्याशिवाय पाणी उतरत नाही, आणि उघडलं की गढुळात भोक दिसत नाही. म्हणून वर मोडकी खुर्ची. पाय वर, पाठ खाली. सरळ ठेवली तर कुणीतरी बसायला बघतं." ते हसले. "माझा बाप स्टूल ठेवायचा. तेव्हा खुर्च्या मोडत नव्हत्या एवढ्या."

"वाहून गेली असेल का?"

त्यांनी विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे अजून दोर लोंबत होता. मी हातात घेऊन पाहिला. कापलेला नव्हता, तुटलेला नव्हता. टोकाला गाठीचा पीळ तसाच होता.

"ही गाठ ओढली की आणखी आवळते," काका म्हणाले. "सोडायची तर दोन्ही हात लागतात आणि सवड लागते."

म्हणजे कुणीतरी भर पावसात उभं राहून, शांतपणे, ही गाठ सोडली होती.

"हे साहेबांना दाखवलंत?"

"साहेब गाडीतून उतरलेच नाहीत." ते पुन्हा गाळ उपसू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरी जायची तर जाईल, पोरी. पण बावीस वर्षांत माझ्या भोकात कधी कुणी पडलं नव्हतं. आता जन्मभर लोक म्हणणार, याच्यामुळे ती बाई लंगडते."

मी वही काढली. "तुमचं कुणाशी भांडण?"

"भांडण म्हणशील तर दोघांशी." त्यांनी पहारीनं आधी समोरचा दवाखाना दाखवला, मग शेजारची टपरी. "दातवाले आणि इस्त्रीवाला. दोघांच्या घाणीची तक्रार मी लेखी दिलीय. आणि दोघांच्याही दारातून हे भोक दिसतं."

३

दातांच्या डॉक्टरांना गल्ली 'कवळी' म्हणते. त्यांनी दवाखान्यासमोरचा फुटपाथ गिळून गुळगुळीत फरशांचा उतार केलाय. माणसानं त्यावर पाय ठेवला की तो थेट रस्त्यावर, गाड्यांच्या पुढ्यात.

आत औषधाचा आणि थुंकीचा वास एकत्र येत होता. कवळी हातमोजे काढत म्हणाले, "माझ्यावर संशय? अगं, झाकण उघडायला मीच सांगितलं त्याला! पाणी माझ्या पेशंटच्या बाकाखाली आलं होतं. खुर्ची ठेवताना मी या खिडकीतून पाहिलं. मग साडेपाचला मागच्या दारानं घरी गेलो."

"पण तुमचीपण खुर्ची असते ना रस्त्यावर?"

हे आधी सांगायला हवं होतं. आमच्या गल्लीत मोडकी खुर्ची रस्त्यावर दिसली की तिचा अर्थ एकच, 'ही माझी गाडी लावायची जागा, हात लावाल तर याद राखा.' कुणी कुंड्या ठेवतं, कुणी टायर, पण खुर्चीचा मान मोठा. आमचं आवार खोलगट आहे, पावसात ते आधी भरतं, म्हणून मग सगळ्यांचा डोळा दवाखान्यासमोरच्या, त्यातल्या त्यात उंच जागेवर. आणि तिथे कवळींची खुर्ची ठाण मांडून. त्यावरून बाबांचं आणि त्यांचं तीनदा वाजलंय. "एक दिवस ती खुर्ची उचलून गावाबाहेर फेकतो की नाही बघ," असं बाबा जेवताना दर आठवड्याला म्हणतात.

"माझी खुर्ची ती बघ." कवळींनी कोपऱ्याकडे मान हलवली. खुर्ची कोरडी होती, वर मासिकांची चळत होती. "मंगळवारी बाहेर काढलीच नाही. कोण येणार होतं त्या पावसात?"

इस्त्रीवाले काका मला पाहून आधी राखेची बादली मागे सरकवायला धावले. म्हटलं, राखेचं नंतर बघू, खुर्चीचं सांगा.

"सहाला होती," ते म्हणाले. "पाय वर करून पडली होती, मेलेल्या जनावरासारखी. नंतर पाऊस आडवा झाला, मी फळी लावून घेतली. कपडे भिजले तर लोक मला पिळतील."

"मग काहीच पाहिलं नाही?"

"पाहिलं नाही, ऐकलं. गाडी आली. हॉर्न झाला, दोन छोटे, एक लांब. परत तसाच. मग दार आपटलं. बराच वेळ काही नाही. मग परत दार, गाडी जरा पुढे-मागे झाली, आणि पाच-दहा मिनिटांनी बाईंची किंकाळी."

माझं पेन थांबलं. "कसा झाला हॉर्न?"

"पीप पीप, पीऽऽप. ओळखीचाच वाटला, पण..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून, ज्या शर्टाला नुकतीच इस्त्री झाली होती त्यालाच पुन्हा करू लागले.

४

ग्रंथालयवाल्या मावशी इस्पितळात पलंगावर होत्या, पाय वजनाला टांगलेला. उशाशी पुस्तकं आणि फळांची मोठी टोपली.

"ये गं गुप्तहेर," त्या म्हणाल्या. भोंग्याच्या कृपेनं बातमी इथवर पोचली होती.

"मावशी, त्या दिवशी नेमकं कसं झालं?"

"फुटपाथवरून जाणार होते, पण त्या दातवाल्याच्या घसरगुंडीवर कोण चढणार? उतरले पाण्यात. पुढे एक गाडी उभी होती. म्हटलं, हिच्या आधारानं जाऊ. बॉनेटवर हात टेकला, तो गरम! बरं वाटलं हाताला. तशीच चाचपडत मागच्या चाकापर्यंत गेले, एक पाऊल टाकलं, आणि खाली काही नाहीच." त्यांनी डोळे मिटले. "ते पाणी तोंडात गेलं गं. अजून चव जात नाही."



"गाडी कोणती होती?"

"मला सगळ्या गाड्या सारख्याच. पुस्तक असतं तर कपाटासकट सांगितलं असतं." त्या हसल्या. "आणि गाडीकडे बघायला कुणाला शुद्ध? तुझ्या बाबांनी ओढून काढलं म्हणून वाचले. देवमाणूस! ऑफिसातून चालत येत होते बिचारे, गाडी तिकडेच ठेवून. तेव्हापासून रोज येतात, फळं घेऊन. आज तर माझ्याशी बोलताना त्यांचे डोळे भरून आले."

टोपलीतलं वरचं फळ नासायला लागलं होतं. त्यावर एक माशी बसली होती. मी तिच्याकडेच बघत राहिले, कारण मावशींकडे बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

५

रविवारी सकाळी आमची तिघींची सभा सुईच्या गच्चीवर भरली.

"दोर सोडलेला आहे," सुई बोटांवर मोजत म्हणाली. "म्हणजे वाहून गेली, चोरानं ओढून नेली, हे बाद. ज्याला घाई नव्हती आणि ज्याला ती जागा हवी होती, त्यानं सोडली."

"कवळी!" भोंगा ओरडली. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"कवळींना भोक माहीत होतं," मी म्हणाले. "भोक माहीत असलेला माणूस तिथे गाडी लावेल? मागचं चाक आत गेलं असतं."

"मग इस्त्रीवाला?"

"त्याच्याकडे सायकलसुद्धा नाही."

"जाळीकाकाच खोटं बोलत असतील तर?"

"सहाला खुर्ची इस्त्रीवाल्यानं पाहिली. त्याचं काकांशी भांडण आहे, तो काकांच्या बाजूनं खोटं कशाला बोलेल?"

सुई पुढे सरकली. "म्हणजे गाडीवाला. झाकण उघडल्यानंतर आलेला. त्याला उलटी खुर्ची दिसली आणि आपल्या गल्लीचा रिवाज आठवला. वाटलं, आली कुणाचीतरी जागा अडवायची खुर्ची. उचलली, गाडी लावली."

"मग अर्धी गल्ली आली यात!" भोंगा म्हणाली.

"नाही येत. खालच्या चौकात गुडघ्याएवढं पाणी होतं. त्यातून बाहेरची गाडी कशाला आत येईल? ज्याचं घर इथे आहे, आणि ज्याचं आवार भरलंय म्हणून आत लावता येत नाही..." मी तिथेच थांबले.

सुई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. तिनं टोचलं नाही, ते जास्त लागलं. "तुला कळलंय ना कोण ते?"

"नाही," मी म्हणाले, आणि जिना उतरले. तीन दिवस ज्याच्यावर मी नाक मुरडत होते, ते दिसत असून न पाहणं मीही एका क्षणात करून दाखवलं होतं.

६

दोन छोटे, एक लांब. जन्मल्यापासून ऐकतेय मी तो हॉर्न. 'फाटक उघडा, राजे आले.' आई बाल्कनीतून हात करते, मग खाली जाते. शुक्रवारी राजे स्वतः उतरले होते. मंगळवारनंतर त्या हॉर्नचा आवाज मी ऐकलाच नव्हता, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. कसली गुप्तहेर!

मी आवारात गाडीभोवती फिरले. टप पुसून चकचकीत केला होता. पण दारांच्या खालच्या कडेला, आतल्या रबराला, गढूळ पाण्याची वाळलेली रेघ होती. बाबांचं ऑफिस टेकाडावर आहे. तिथे पाणी साचत नाही. तिथेच ठेवलेल्या गाडीच्या दारापर्यंत गटार कुठून चढलं? चटया कशा भिजल्या?

किल्ली खुंटीवरच होती. भरदुपारी, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असताना, मी डिकी उघडली.

वास आधी आला. तोंडावर थप्पड मारावी तसा. चौथी सुगंधी डबी इथे होती, आणि तिच्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली, पाय वर केलेली एक मोडकी खुर्ची. एका पायाला फडकं. काळं पडलं होतं, पण मुठीत पिळल्यावर लाल रंग दिसला.

मला उलटी झाली. वासामुळे, असं मी लिहिलं असतं, पण ते तेवढंच नव्हतं.

७

मी खुर्ची वर आणली आणि जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवली. गाळाचे थेंब फरशीवर पडले. आईनं आधी थेंबांकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. तेव्हाच मला समजलं की तिला माहीत होतं.

"मला वाटलं कवळीची आहे," बाबा म्हणाले. "शपथ. हॉर्न दिला, तर हिनं बाल्कनीतून खूण केली, आवार भरलंय. समोर खुर्ची दिसली. डोकंच फिरलं. म्हटलं, आज हिला नेतोच. पाण्याखाली काही दिसत नव्हतं गं."

"फडकं दिसलं नाही?"

"दिसलं. वाटलं, कवळीनं आता झेंडापण लावला."

एरवी मी हसले असते.

"किंकाळी ऐकली तसा खाली धावलो. मी काढलं त्यांना बाहेर! सगळे त्यांना इस्पितळात नेत होते तेव्हा गाडी मागच्या गल्लीत नेली. चालत आलो असं तोंडातून निघून गेलं. मग... मग फिरवता येईना. ही खुर्ची रोज टाकायला नेतो आणि रोज परत आणतो."

"झालं ते झालं," आई घाईनं म्हणाली. "मुद्दाम केलंय का त्यांनी? लोक काय म्हणतील? त्या काकांसाठी आपण दुसरीकडे कुठेतरी कामाचं बघू. तुझे बाबा बोलतील कुणाशी तरी."

"आई, तो माणूस नोकरीसाठी रडत नाहीये. त्याच्या भोकात कुणी पडलं, हे त्याला सहन होत नाहीये. आणि ते भोक त्यानं झाकलं होतं."

"आवाज खाली," आई म्हणाली.

"चूक झाली हे मला पटतं, बाबा. आपल्या गल्लीत कुणाचीही झाली असती. आपणच सगळ्यांनी रस्त्यावर खुर्च्या टाकून टाकून खऱ्या खुणेची किंमत घालवलीय. पण शुक्रवारी साहेबांनी काकांना काढायचं सांगितलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

बाबांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं. त्यांच्या बोटांना लिंबाच्या साबणाचा वास येत होता. ते मंगळवारपासून किती हात धूत होते, हे मला तेव्हा आठवलं. मला त्यांची किळस आली, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही एकदम. मी बसले नाही.

"काय करणार आहेस तू?" आईनं विचारलं.

मी खुर्चीवर हात ठेवला.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," मी म्हणाले. "अकराच्या आत साहेबांच्या कार्यालयात ही खुर्ची पोचवणार आहे. डोक्यावर घेऊन, पाय वर करून, कवळींच्या आणि इस्त्रीवाल्यांच्या समोरून, सगळ्यांना दिसेल अशी. कुठे सापडली ते साहेब विचारतील. तिथे तुम्ही असाल, बाबा, तर तुम्ही सांगा. नसाल, तर मी सांगेन. सव्वादहाला निघतेय. चालत. गाडी नको."